तीन महिने दाखवणारं मशीन

पप्पांनी पहिल्यांदा “मागचो महिनो खंय गेलो?” असं विचारलं तेव्हा मी हसले होते. प्रश्न मला नव्हताच, समोरच्या लॅपटॉपला होता, आणि अगदी रास्त होता.

लॅपटॉप माझाच, जुना, एक कळ निखळलेला. मी पार्स्याला सासरी बसून बाहेरच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. पप्पा आणि आई नार्व्याला. पप्पा गोष्टी विसरायला लागले होते. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या. ते काय, सगळेच विसरतात. मग एकदा देवळातून घरी येताना ते भलत्याच वाटेने नदीकडे गेले आणि कुणाच्या तरी शेताच्या बांधावर बसून राहिले. शेजाऱ्यांनी स्कूटरवर मागे बसवून आणून सोडलं. घरी आल्यावर म्हणाले, वारा खायला बसलो होतो. आईने मान हलवली आणि आत जाऊन मला फोन केला. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की यांच्या हाताला जे सवयीचं असेल ते रोज करू द्या. शेती म्हणावी तर पप्पांनी जन्मात कोयता धरला नाही. भजन म्हणावं तर सुराचं आणि त्यांचं कधी जमलं नाही. त्यांच्या हाताला सवयीची गोष्ट एकच होती, ती म्हणजे कीबोर्ड.

पप्पा डिचोलीकडच्या एका खाणीवर वजनकाट्याच्या ऑफिसात होते. खनिज भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, पप्पा वजन मशिनात घालायचे, मग ट्रक नदीवर बार्जीकडे, खनिज नेणाऱ्या मोठ्या होडीकडे जायचा. तिथला कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत. तुम्ही एक शब्द टाईप करायचा, एंटर दाबायचं, ते उत्तर देणार. या शब्दांना कमांड म्हणतात, पण पप्पा त्यांना ‘हुकूम’ म्हणायचे. सकाळी ऑफिस उघडलं की ते मॉनिटरवर घरून नेलेलं जास्वंदीचं फूल ठेवत आणि मग ठरलेल्या क्रमाने हुकूम देत. आधी तारीख. मग कॅलेंडर. मग मशिनात कोणत्या फायली आहेत त्यांची यादी. हे झाल्याशिवाय पहिला ट्रक काट्यावर चढत नसे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकायचे, पप्पा ढिम्म. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची तेव्हा मला ते पूजेसारखं वाटायचं, आणि कंटाळाही तितकाच यायचा.

तर मी तो जुना लॅपटॉप पुसून घेतला, त्यावरचं सगळं रंगीबेरंगी काढून टाकलं, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं केली, आणि नार्व्याच्या घरात जनेलाजवळ, खिडकीचा उजेड येईल अशा मेजावर ठेवला. पप्पा बघतच राहिले. आतून फूल मागवलं. लॅपटॉपच्या पातळ पडद्यावर फूल कुठे ठेवायचं हा पहिला प्रश्न आला. शेवटी ते बाजूला बशीत ठेवलं.

तारीख आली. पप्पा खूश. मग त्यांनी कॅलेंडरचा हुकूम दिला, सी-ए-एल, कॅल. एक महिना आला, चालू. तेव्हाच ते म्हणाले, “मागचो महिनो खंय गेलो?”

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. त्यांच्या त्या जुन्या मशिनावर नुसतं कॅल म्हटलं की तीन महिने शेजारीशेजारी यायचे. गेलेला, चालू, येणारा. माझ्या मशिनावर त्याच शब्दाला चालू महिना तेवढा येतो. तीन हवे असतील तर पुढे आणखी एक खूण लावावी लागते. मी हसले आणि तसं सांगितलं. पण ते हसले नव्हते. त्यांनी फायलींच्या यादीसाठी एल-सी असा हुकूम दिला आणि मशिनाने इंग्रजीत सांगितलं, कमांड नॉट फाउंड. असा हुकूम सापडला नाही.

पप्पांनी पडद्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

“हांव चुकलों?”

या माणसाला मी आयुष्यात कधी हा प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. काट्यावर ट्रकवाल्यांशी, घरी आईशी, वीज खात्याशी, कुणाशीही वाद झाला तरी बरोबर तेच असत.

“तुमी चुकूंक ना, पप्पा,” मी घाईघाईने म्हटलं. “मशीन वेगळें. तुमच्या मशिनार एल-सी आशिल्लें. हांगां ना.”

“म्हणजे माझो दोस ना?”

“ना.”

तेव्हा मात्र ते हसले. चांगले मोठ्याने हसले, आई आतून बघायला आली. त्या हसण्यात केवढी सुटका होती ते मला नंतर कळलं. कितीतरी दिवस त्यांना सगळे सांगत होते की चुकलात, हे विसरलात, ते दोनदा विचारलंत. आणि आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं की चूक तुमची नाही, दुसऱ्याची आहे.

आणि ते खोटं नव्हतं. हे मला ठासून सांगायचंय, कारण याच भानगडीवर माझा संसार चालतो. लोकांना वाटतं कॉम्प्युटर म्हणजे सगळीकडे एकच. कसलं काय! प्रत्येक मशिनाच्या पोटात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. या सगळ्या सिस्टिमी एकाच जुन्या घराण्यातल्या, भांडून वेगळ्या झालेल्या भावांसारख्या. हुकमांची नावं सगळ्यांनी तीच ठेवली, अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. कालची तारीख विचारायची असेल तर माझ्या सर्व्हरला एका तऱ्हेने विचारावी लागते आणि माझ्या साहेबांच्या लॅपटॉपला दुसऱ्याच. एका फायलीतला शब्द बदलायचा साधा हुकूम, सेड नावाचा, माझ्याकडे मुकाट्याने चालतो. साहेबांकडे तोच चालवला तर मशीन बिनसतं आणि मला अर्थ नसलेलं काहीतरी ऐकवतं. मग साहेब मला फोन करून विचारतात की तुम्ही तपासलं नव्हतं का. तपासलं होतं हो, माझ्या मशिनावर! अशा वेळी मला लॅपटॉप उचलून शापोरा नदीच्या पाण्यात टाकावासा वाटतो.

नकार देणारं मशीन तरी बरं. त्याहून वाईट ते, जे ‘हो’ म्हणतं आणि दुसरंच करतं. पप्पांच्या मशिनावर नुसतं एल म्हटलं की प्रत्येक फायलीची सगळी माहिती यायची, कधी केली, केवढी आहे, कुणाची. माझ्या मशिनावर एल चालतं, पण नुसती नावं दाखवून गप्प बसतं. पप्पा त्या नावांकडे किती वेळ बघत बसले. काहीतरी कमी आहे हे त्यांना कळत होतं, काय कमी आहे ते सांगता येत नव्हतं. त्या दिवसांत त्यांचं सगळ्याच बाबतीत तसं होत होतं.

यावर इलाज सोपा आहे. आपल्याला हवा तो शब्द मशिनाला शिकवता येतो. एक छोटी फाईल लिहायची, तिला एल-सी नाव द्यायचं, आत लिहायचं की हे म्हटलं की ते कर. मी तसं केलं. एल-सी केलं, एल दुरुस्त केलं, आणि कॅलला सांगितलं की या घरात तीन महिने दाखवायचे. दुसऱ्या दिवशी पप्पांनी फूल ठेवलं, हुकूम दिले, आणि मागचा, चालू, पुढचा असे तिन्ही महिने ओळीने पडद्यावर आले.

“आयलो,” ते म्हणाले. मागच्या महिन्याबद्दल.

त्यानंतरचे काही महिने चांगले गेले. मी आठवड्यातून दोनदा पार्स्याहून यायची, पुढे पुढे मुक्कामालाच राहायला लागले. माझं काम काय, जिथे नेट तिथे ऑफिस. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजायचा, आई गरम उंडे पाव घ्यायची, चहा व्हायचा, पप्पा मेजावर बसायचे. आईला इंग्रजी येत नाही, पण तारखांच्या तीन चौकटी आल्या की नाही हे तिला चुलीकडून दिसायचं. तिने त्याचं स्वतःचं एक माप करून टाकलं. तीन चौकटी आल्या म्हणजे आज डोकं जाग्यावर आहे. मग ती त्यांना देवळात एकट्याने जायला द्यायची. नाही आल्या तर पदर खोचून स्वतः बरोबर निघायची. पप्पांना हे आवडत नसे. सप्तकोटेश्वराला जायला बायको हात धरून नेते, हे त्यांना लाजिरवाणं वाटायचं. त्यामुळे त्या तीन चौकटी दोघांच्याही दृष्टीने फार मोठी गोष्ट झाली होती. आणि माझ्या तर होतीच.

मग एका सकाळी त्यांनी कॅलच्या जागी सी-एल-ए असं टाईप केलं.

अक्षरांची उलटापालट. माझी दिवसातून दहादा होते. मशीन म्हणालं सापडलं नाही. पप्पांनी परत तेच दिलं. परत तेच उत्तर. चुलीकडून आईची भांड्यांची खडखड थांबली. पप्पा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हें आमच्या मशिनार आशिल्लें.”

मी हो म्हटलं. मग संध्याकाळी फाईल लिहिली, सी-एल-ए नावाची, आणि आत सांगितलं की तीन महिने दाखव.

पण त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली, ती कुणाला सांगितली नाही. मी जुन्या सिस्टिमींची मॅन्युअलं शोधून काढली. नेटवर मिळतात, कुणी कुणी हौसेने जपून ठेवलेली असतात. ज्या मशिनांचे आता सांगाडेही उरलेले नाहीत त्यांची. मी सी-एल-ए शोधलं. एखाद्या तरी मशिनावर, कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी काळात हा हुकूम खरा असावा एवढंच मला हवं होतं. मग मी पप्पांना म्हणू शकले असते की तुम्ही चुकला नाहीत, मशीन वेगळं. नाही मिळालं. पुढे त्यांनी के-ए-एल दिलं, तेही शोधलं. डी-ए-टी दिलं, ते शोधलं. माझ्या बापाचं बरोबर असेल अशी सिस्टिम मी जगभर धुंडाळत होते आणि ती कुणी बनवलेलीच नव्हती.

फायली वाढत गेल्या. रोज सकाळी पप्पा नवीन चुकायचे आणि मी ती चूक मशिनाला शिकवायची. कधी कधी ते हुकमाच्या जागी ट्रकचा नंबर घालायचे, एखाद्या जुन्या ट्रकचा, आणि वजनाची वाट बघत बसायचे. आता नंबराची फाईल कशी लिहिणार? रोज वेगळा ट्रक. मी हात टेकले.

आमच्या कामात एक युक्ती आहे. हुकूम सापडला नाही तर मशिनाने काय म्हणायचं, हेसुद्धा आपल्याला ठरवता येतं. सगळीकडे नाही, पण माझ्या सिस्टिमीवर येतं. सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. मी तिथे लिहिलं की काही सापडलं नाही तर काही बोलू नकोस, तारीख दाखव आणि खाली तीन महिने. दोन-तीन ओळींचं काम. ते केल्यावर मी खुर्चीला टेकून बसले आणि मला खूप बरं वाटलं. आता पप्पा काहीही टाईप करोत, त्या पडद्यावर चूक नावाची गोष्ट उरली नव्हती.

आई खूश झाली. “आतां बरेच सुदारले गो,” ती मला म्हणाली. “एक दीस चुकना.” तिने रोज त्यांना एकटं जायला द्यायला सुरुवात केली. मी तिला अडवलं नाही. म्हणजे, अडवायचं कसं? तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी जरा उजेड आला होता. देऊळ तसं जवळ, वाटेवर सगळे ओळखीचे, असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि ते परत येईपर्यंत जनेलातून रस्त्याकडे डोळे लावून बसायची. कामात कुणी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, देव जाणे.

त्यानंतर तपासणीसाठी आम्ही तिघं म्हापशाला गेलो. शुक्रवार होता, बाजार भरलेला, बस स्टँडपासूनच चेंगराचेंगरी. डॉक्टरांनी पप्पांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी गोल छान काढला आणि मग पेन धरून बसून राहिले. डॉक्टरांनी आईला विचारलं, घरी कसं आहे. आई अभिमानाने म्हणाली, “रोज मशीन चलयतात. सगळें बरोबर येता. देवळांत एकटेच वतात.” डॉक्टर चकित झाले. त्या अर्धवट घड्याळाकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी बोलायला तोंड उघडलं, पण पप्पा शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर काय सांगणार? मी म्हटलं, नंतर फोन करते.

परतताना स्टँडवर डिचोलीच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो. आई मिरच्या आणि सुकी मासळी घ्यायला जरा आत गेली. पप्पा माझ्या शेजारी, हातात रिकामी पिशवी. एकाएकी ते म्हणाले, “बाय, काल हांवें हात असोच मारलो कळांचेर. पुराय पंजो.”

“कित्याक?”

“पळोवंक, कितें येता तें.” ते समोर बघत होते. “कॅलेंडर आयलें.”

आजूबाजूला कंडक्टर गावांची नावं ओरडत होते.

“काट्यार रितो ट्रक घाल, भरिल्लो घाल, वजन सारकेंच दाखयता. तसल्या काट्याक कितें करप?” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “आई त्या मशिनाचेर विश्वास दवरता आनी माका एकट्याक सोडटा. हांव वाटेर उबो रावतां. खंयची वाट ती कळना. कोणाक विचारूंक लज दिसता. माका भंय दिसता गो.”

इतके दिवस मला वाटत होतं की एकट्याने जायला मिळावं हीच त्यांची इच्छा आहे. ते रोज जीव मुठीत धरून जात होते, कारण आईला तीन चौकटी दिसल्या होत्या आणि मशिनाने सांगितलं होतं की तुम्ही ठीक आहात.

“चुकलें जाल्यार चुकलें म्हणूं दी ताका,” ते म्हणाले. “माका कळपाक जाय.”

“म्हणतलें, पप्पा.”

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने पिशवीकडे बघून विचारलं, “आमी खंय वतात?” मी म्हटलं, घरी. बस आली, आई धापा टाकत आली, आम्ही बसलो. वाटेत मी आईला सगळं सांगितलं, हळू आवाजात. ती पिशवीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हणजे मशीन तूं चलयतालें.”

डॉक्टरांनाही मी फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, यांना एकटं सोडू नका, आणि मशिनाचं तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. योग्य वाटेल तसं! मला काय योग्य वाटणार?

दुसऱ्या दुपारी पप्पा झोपले होते तेव्हा मी फायली काढायला बसले. आधी ती तीन ओळींची युक्ती पुसली. मग एकेक फाईल. काढताना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा होता, हा हुकूम कुठल्या तरी मशिनावर खरा होता की फक्त पप्पांच्या डोक्यात? एल-सी खरा होता, तो ठेवला. एल ठेवला. कॅलचे तीन महिने ठेवले, कारण त्यांच्या मशिनाने ते खरोखर दाखवले होते. सी-एल-ए काढली. के-ए-एल काढली. हात चालत होते आणि मी रडत होते, स्पष्टच सांगते. चुकीचे शब्द होते ते, पण माझ्या बापाने शेवटचे शोधलेले शब्द होते, आणि त्यांना हो म्हणणारं जगात हे एकच मशीन होतं.

एका फाईलवर मात्र अडले. के-ए-एन-टी-ओ. कांटो. पप्पा अधूनमधून ते टाईप करायचे. हा हुकूम कुठल्याही सिस्टिमीत नाही. पण काट्याच्या ऑफिसात वजनाचा प्रोग्रॅम सुरू करायला कुणी तो बसवलाही असेल. ते मशीन कधीच भंगारात गेलं. खाण बंद, ऑफिसला कुलूप, तिथली माणसं कुठे कुठे पांगलेली. विचारायचं कुणाला? पप्पांना विचारलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं, आणि ते हो खरं की नाही हे मला कळलं नसतं. ती फाईल मी काढली नाही, फक्त आत लिहिलेलं पुसलं. तो हुकूम दिला की मशीन काही बोलत नाही, नुसतं खालच्या ओळीवर येतं.

तेव्हापासून मशीन परत खरं बोलायला लागलं. कमांड नॉट फाउंड. कमांड नॉट फाउंड. पप्पा ते मोठ्याने वाचायचे, एखाद्या शाळकरी मुलासारखे, आणि परत प्रयत्न करायचे. एखाद्या दिवशी बोटं बरोबर पडायची आणि तीन महिने यायचे, तेव्हा ते आईला हाक मारून दाखवायचे. तो आनंद खरा होता, आणि तेवढ्यासाठी तरी त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला कबूल करावं लागलं. आई आता चौकटी आल्या तरी बरोबर जाते. ते हात झटकत नाहीत.

मग बरोबर पडणारे दिवस कमी झाले. पुढे पुढे ते फूल बशीत ठेवून नुसते बसायचे. मी शेजारी माझा लॅपटॉप घेऊन बसायची, साहेबांचं मशीन का रुसलं ते बघत. तिथलं मला सुधारता यायचं. सहसा एखादी खूण कमी-जास्त असते, दोन मशिनांची बोली वेगळी असते, शोधलं की सापडतं. ते सापडलं की मला उगीच राग यायचा. एवढं सोपं कशाला असायचं!

परवा सकाळचं सांगते. पोदेर येऊन गेला होता. पप्पांनी फूल ठेवलं, बोटं कळांवर ठेवली, आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं. बी. ए. वाय. एंटर दाबलं. मशीन म्हणालं, कमांड नॉट फाउंड.

बाय. लहानपणापासून ते मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नाहीत.

त्यांनी परत दिलं. परत तेच. मग ते माझ्याकडे वळले. मी त्यांच्या इतकी जवळ होते की आमचे दंड एकमेकांना लागत होते. त्यांच्या नजरेत काही राग नव्हता, ओळखही नव्हती. ऑफिसात नव्या माणसाशी बोलावं तसं ते अदबीने म्हणाले, “हें आमच्या मशिनार आशिल्लें. असें घातलें की ती येताली.”

“आशिल्लें, पप्पा,” मी म्हटलं.

“मागीर हांगां कित्याक येना?”

ते पुन्हा पडद्याकडे वळले, आणि परत बी शोधू लागले.